कोळशात दगड किती, दुधात पाणी किती? घनता आणि विशिष्ट गुरुत्व समजून घ्या सोप्या भाषेत

माजरी (ता. भद्रावती) : माजरी जंक्शनवर कोळशाची मालगाडी उभी असली की डबे काठाच्या वर शीग येईपर्यंत भरलेले दिसतात. तिकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडचे लोहखनिज भरलेला ट्रक पाहिला, तर डाला अर्धाही भरलेला वाटत नाही. तरी टायर दबलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते, ट्रक रिकामाच चालला. काट्यावर मात्र तो कोळशाच्या भरगच्च ट्रकपेक्षा कमी भरत नाही.

हा फरक ज्या गुणामुळे पडतो त्याला घनता म्हणतात. शाळेच्या पुस्तकात हा धडा असतो, मार्कापुरता पाठ होतो आणि विसरला जातो. पण दूध डेअरीत घातले, ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरले, घरासाठी रेती टाकली, धानाचे बियाणे निवडले किंवा सोन्याचा दागिना घेतला, की प्रत्येक ठिकाणी हाच धडा समोर येतो. तो माहीत असला तर फसवणूक टळते. जुन्या विहिरीत उतरताना तर त्यावर जीव अवलंबून असतो.

घनता म्हणजे नेमकं काय?

एकाच मापाचे दोन डबे घ्या. एकात कापूस ठासून भरा, दुसऱ्यात रेती. जागा दोघांनीही सारखीच व्यापली, पण वजन वेगळे. ठराविक जागेत किती वजन मावते, ते म्हणजे घनता. वजनाला आकारमानाने भागले की घनता मिळते.

पाण्याचा हिशोब सगळ्यात सोपा आहे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. १ घनमीटर पाणी, म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच टाके, म्हणजे १००० किलो. स्लॅबवर १००० लिटरची टाकी बसवून भरली की छतावर एक टन वजन चढले, हे त्यातूनच कळते.

आपल्याकडे धान्य पायलीने मोजायची जुनी पद्धत आहे. पायली हे जागेचे माप आहे, वजनाचे नाही. म्हणून एक पायली धान आणि एक पायली तांदूळ काट्यावर सारखे भरत नाहीत. धानाच्या टरफलात आणि दाण्यांच्या मधल्या फटींत हवा असते, त्यामुळे धान हलके भरते. जुन्या माणसांनी घनता हा शब्द वापरला नसेल, पण धानाची पायली आणि तांदळाची पायली यांच्या भावात त्यांनी कधी गल्लत केली नाही.

विशिष्ट गुरुत्व म्हणजे काय?

एखादी वस्तू पाण्याच्या तुलनेत किती पट जड आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे विशिष्ट गुरुत्व. त्याला सापेक्ष घनता असेही म्हणतात. लोखंडाचे विशिष्ट गुरुत्व ७.८७ आहे, म्हणजे जेवढ्या जागेत १ किलो पाणी मावते तेवढ्या जागेत ७.८७ किलो लोखंड मावते. हा फक्त तुलनेचा आकडा आहे, म्हणून त्याला किलो, ग्रॅम असे एकक लागत नाही.

आकडा १ पेक्षा कमी असेल तर वस्तू पाण्यावर तरंगते. १ पेक्षा जास्त असेल तर बुडते. काही ओळखीच्या वस्तूंचे साधारण आकडे असे आहेत :

- पेट्रोल : ०.७२ ते ०.७७
- डिझेल : ०.८२ ते ०.८५
- वाळलेले सागवान : ०.६५ च्या आसपास
- खाण्याचे तेल : ०.९२
- बर्फ : ०.९२
- पाणी : १
- गायीचे दूध : १.०२८ ते १.०३०
- म्हशीचे दूध : १.०३० ते १.०३२
- कोळसा : १.३ ते १.६ (राखेच्या प्रमाणानुसार)
- मध : १.४ च्या आसपास
- चुनखडी दगड : २.६ ते २.७
- ॲल्युमिनियम : २.७
- हेमटाइट लोहखनिज : ५ च्या आसपास
- लोखंड : ७.८७
- तांबे : ८.९६
- चांदी : १०.५
- शिसे : ११.३
- पारा : १३.६
- शुद्ध सोने : १९.३

मग लोखंडाची बोट तरंगते कशी? कारण बोट पोकळ असते. लोखंड आणि आतली हवा मिळून जी एकूण जागा होते, तिच्या मानाने वजन पाण्यापेक्षा कमी भरते. नदीवरचा डोंगा याच नियमाने चालतो. डोंग्यात पाणी शिरले की हवेची जागा पाणी घेते, सरासरी घनता वाढते आणि डोंगा खाली बसतो. जास्त माणसे बसवली तरी तेच होते.

घरच्या काट्यावर कसं मोजायचं?

ग्रीक विद्वान आर्किमिडीज याने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितलेला नियम असा : पाण्यात बुडवलेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका तिला वरच्या दिशेने आधार मिळतो. हा नियम स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तपासता येतो.

१. वस्तू कोरडी असताना तिचे वजन करा. समजा एक दगड ५०० ग्रॅम भरला.

२. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवा आणि बटण दाबून आकडा शून्य करा.

३. दगडाला बारीक दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात धरा. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये.

४. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे घनसेंटिमीटर त्या दगडाचे आकारमान. समजा २०० आले.

५. ५०० भागिले २०० म्हणजे २.५. हे झाले दगडाचे विशिष्ट गुरुत्व.

कोळशाचे ढेकूळ असेच मोजता येते. ते ३९० ग्रॅम भरले आणि पाण्यात धरल्यावर काट्याने २७० दाखवले, तर विशिष्ट गुरुत्व १.४४ आले. कोळशाच्या बारीक छिद्रांत पाणी शिरते, म्हणून हे काम झटपट उरकावे. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग दाखवायला दहा मिनिटे पुरतात.

माजरीचा कोळसा : जड म्हणजे चांगला नव्हे

वेस्टर्न कोलफील्ड्सच्या माजरी क्षेत्रातला कोळसा वर्धा खोऱ्याच्या पट्ट्यातला आहे. धान्य जड भरले की चांगले, अशी आपली समजूत असते. कोळशाचे उलटे आहे. सारख्या आकाराच्या दोन ढेकळांपैकी जे जास्त जड, त्यात दगड-मातीचा अंश जास्त. असा कोळसा जळताना उष्णता कमी देतो आणि राख जास्त टाकतो.

हिशोब पाहा. चांगल्या कोळशाचे विशिष्ट गुरुत्व १.३ आणि त्यातल्या दगडाचे २.५ धरू. १०० किलो मालात ९० किलो कोळसा आणि १० किलो दगड असेल, तर कोळसा ६९.२ लिटर जागा घेतो आणि दगड ४ लिटर. १०० भागिले ७३.२ म्हणजे १.३७. आता दगड ३० किलो आणि कोळसा ७० किलो असेल, तर जागा लागते ५३.८ अधिक १२, म्हणजे ६५.८ लिटर. विशिष्ट गुरुत्व झाले १.५२. म्हणजे माल तेवढाच १०० किलो, पण घनता वाढली ती दगडामुळे.

घुग्घुस आणि वणी परिसरातल्या कोल वॉशरीचे काम याच फरकावर चालते. वॉशरी म्हणजे नुसते पाणी मारून कोळसा धुणे नव्हे. एका पद्धतीत पाण्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाची अगदी बारीक पूड मिसळून पाणी जड करतात. त्याची घनता, समजा, १.५ ठेवली, तर त्यापेक्षा हलका असलेला चांगला कोळसा वर तरंगतो आणि दगड खाली जातो. नंतर पूड लोहचुंबकाने ओढून पुन्हा वापरतात. साध्या पाण्यात कोळसा आणि दगड दोन्ही बुडतात, म्हणून पाणी जड करावे लागते.

१ जानेवारी २०१२ पासून देशात कोळशाची प्रत उष्णतेवरून ठरते. किलोमागे किती कॅलरी उष्णता मिळते, त्यावरून जी-१ ते जी-१७ अशा श्रेणी आहेत. पण टनावर पैसे मोजताना त्या टनात दगड किती, हा प्रश्न कायम राहतो. उद्योगाला, वीज केंद्राला आणि घरी शेगडीत कोळसा जाळणाऱ्यालाही.

खाणीत आणखी एक गोष्ट कानावर पडते. कोळसा टनात मोजतात, पण त्याच्या वरची माती घनमीटरमध्ये. कोळसा विकायचा असतो म्हणून वजन लागते. माती नुसती उचलून बाजूला टाकायची असते म्हणून जागेचे माप लागते. दोन्हींची सांगड घालायची तर घनता माहीत हवी. थरातला १ घनमीटर कोळसा साधारण दीड टन भरतो. तोच फोडून ढीग केला की ढेकळांच्या मध्ये हवा राहते आणि १ घनमीटर ढीग ८०० ते ९०० किलोच भरतो. कोळसा तोच, फक्त मोकळा झाला.

चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक वीज केंद्रातून निघणाऱ्या राखेतही हा खेळ दिसतो. राखेचा बहुतेक कण पाण्याच्या दुपटीने जड असतो आणि राखेच्या तळ्यात बुडतो. पण काही कण आतून फुग्यासारखे पोकळ असतात. ते पाण्यावर तरंगतात आणि तळ्याच्या काठाला पांढुरकी साय धरल्यासारखे जमतात.

ट्रक अर्धा दिसतो, पण भार पूर्ण

लोहखनिजाचा १ घनमीटर ढीग अडीच टनांच्या आसपास भरतो. समजा ट्रकच्या डाल्यात २० घनमीटर माल मावतो. कोळसा भरला तर सुमारे १७ टन होईल. लोहखनिज काठोकाठ भरले तर ५० टन होईल. तो भार रस्ता, पूल, टायर आणि ब्रेक कुणालाच झेपणार नाही. म्हणून खनिजाचा डाला डोळ्याला अर्धा दिसला तरी तो पूर्ण भरलेला असू शकतो. अशा ट्रकला थांबायला अंतर जास्त लागते. ट्रक रिकामा आहे असे समजून समोरून दुचाकी काढणे जिवावर बेतू शकते.

रेती घेताना : ब्रास आणि ओलावा

रेती ब्रासने मोजतात. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. कोरड्या रेतीचा १ घनमीटर दीड टनाच्या आसपास भरतो, म्हणून १ ब्रास रेती साधारण सव्वाचार ते साडेचार टन होते.

इथे एक गोम आहे. रेती थोडी ओली असली की फुगते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो आणि कण एकमेकांपासून दूर होतात. बारीक रेती अशी २५ टक्के किंवा त्याहून जास्त फुगू शकते. म्हणजे ब्रासने मोजून घेतलेल्या ५ ब्रास ओलसर रेतीत खरी रेती ४ ब्रासच असू शकते. घरकुल बांधणाऱ्याला हा फरक परवडत नाही.

तपासायला एक सरळ डबा पुरतो. डब्यात ओलसर रेती २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. ती बाहेर काढा, डब्यात थोडे पाणी घ्या आणि रेती पुन्हा टाकून ढवळा. पाणी रेतीच्या वर आले पाहिजे. रेती खाली बसल्यावर उंची मोजा. पूर्ण भिजलेली रेती पुन्हा मूळ मापावर येते. ती १६ सेंटिमीटरवर बसली, तर ४ सेंटिमीटरचा फुगवटा होता, म्हणजे २५ टक्के. रेती टनाने घेत असाल तर उलटा विचार करा, तिथे ओलाव्याचे पाणीही रेतीच्या भावाने तोलले जाते.

धानाचं बियाणं : मिठाच्या पाण्याची कसोटी

सिंदेवाही, मूल, नागभीड, ब्रह्मपुरी, सावली आणि पुढे गडचिरोलीच्या धानपट्ट्यात घरचे बियाणे ठेवणारे शेतकरी अनेक आहेत. वरून सारखे दिसणारे दाणे आतून भरलेले आहेत की पोचट, हे डोळ्याने कळत नाही. घनतेने कळते.

कृषी विभाग धानाच्या बियाण्यासाठी ३ टक्के मिठाच्या पाण्याची शिफारस करतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. बियाणे त्यात टाकून ढवळा आणि पाणी स्थिर होऊ द्या. पोचट, रोगट, अर्धवट भरलेले दाणे वर येतात. ते काढून टाका. तळाला बसलेले वजनदार बियाणे साध्या पाण्याने दोन-तीन वेळा स्वच्छ धुवा, नाहीतर मिठाने उगवण बिघडते. नंतर सावलीत वाळवा आणि मग बीजप्रक्रियेचे औषध चोळा.

मीठ कशाला? साध्या पाण्यापेक्षा मिठाचे पाणी थोडे जड होते, सुमारे १.०२. साध्या पाण्यात जेमतेम बुडणारा अर्धा भरलेला दाणाही त्यात वर येतो. म्हणजे चाळणी थोडी कडक होते. भरलेल्या दाण्यात रोपासाठी अन्नाचा साठा जास्त असतो, म्हणून पऱ्हे जोमदार निघतात.

दोन गोष्टी सांभाळा. कंपनीने आधीच औषध लावून दिलेले बियाणे असे धुवू नका, औषध निघून जाईल. आणि भद्रावती-वरोरा भागातल्या सोयाबीनला ही पद्धत लावू नका. सोयाबीनचे साल नाजूक असते, भिजवल्याने बी खराब होते. त्यासाठी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजणे बरे.

दूध : लॅक्टोमीटर काय सांगतो, काय नाही

लॅक्टोमीटर म्हणजे तळाला वजन असलेली काचेची पोकळ नळी. द्रव जड असेल तर ती जास्त वर राहते, पातळ असेल तर खोल जाते. तिच्यावरचा ३० हा आकडा म्हणजे १.०३० विशिष्ट गुरुत्व.

९ लिटर दूध १.०३० चे असेल आणि त्यात १ लिटर पाणी घातले, तर १० लिटरचे वजन १०.२७ किलो होते. विशिष्ट गुरुत्व १.०२७. लॅक्टोमीटर ३० वरून २७ वर आला. पाणी पकडले गेले.

पण लॅक्टोमीटरला चकवता येते. साय पाण्यापेक्षा हलकी असते. साय काढून घेतली की उरलेले दूध जड होते आणि आकडा वर जातो. मग त्यात पाणी घातले की आकडा पुन्हा ३० च्या जवळ येतो. दूध दोनदा लुटले गेले, तरी लॅक्टोमीटर गप्प. साखर, मीठ किंवा युरिया घालूनही आकडा वर आणता येतो. म्हणूनच डेअरीत फॅट आणि लॅक्टोमीटर, दोन्ही तपासावे लागतात. दूध घालणाऱ्याने दोन्ही आकडे पावतीवर मागून घ्यावेत.

तापमानही पाहावे लागते. गरम दूध फुगते, हलके होते आणि आकडा कमी दाखवते. प्रत्येक लॅक्टोमीटरवर तो कोणत्या तापमानासाठी बनवला आहे ते लिहिलेले असते. नुकतेच काढलेले कोमट दूध लगेच मोजले तर उत्पादकाचे नुकसान होते.

पंपावर डिझेल-पेट्रोल घेताना

पेट्रोल पंपावर घनता तपासून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पंपावर काचेचे लांब भांडे, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि तक्ता ठेवलेला असतो. त्या दिवशीची घनता नोंदवहीत असते.

घनता १५ अंश सेल्सिअसला किती, अशी नोंदतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात तर पारा ४५ च्या पुढे जातो. १५ अंशाला ०.८३० असलेले डिझेल ४५ अंशाला ०.८१ च्या आसपास दिसेल. म्हणून नुसता आकडा कमी दिसला की भेसळ झाली असे म्हणता येत नाही. तापमान पाहून तक्त्यावरून १५ अंशाचा आकडा काढावा लागतो. तो नोंदीपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून जास्त वेगळा निघाला, तर शंका घ्यायला जागा आहे.

रॉकेल मिसळले की पेट्रोलची घनता वाढते आणि डिझेलची कमी होते, कारण रॉकेल दोघांच्या मधले आहे. घनतेसोबत पेट्रोलची फिल्टर पेपर चाचणी आणि ५ लिटरच्या मापाने मात्रेची तपासणी, या दोन गोष्टीही पंपावर मागता येतात.

ट्रॅक्टरची बॅटरी

बॅटरीतल्या आम्लाच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व पूर्ण चार्ज असताना १.२५ ते १.२८ असते. बॅटरी उतरत जाते तसे आम्ल पट्ट्यांत मुरते, पाणी पातळ होते आणि आकडा १.१५ किंवा त्याखाली येतो. मेकॅनिक पिचकारीसारखे हायड्रोमीटर घालून तेच पाहतो. एका खणाचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार कमी असेल, तर तो खण गेलेला असतो. पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आम्ल नको. बॅटरीजवळ बिडी-काडी पेटवू नका.

सोनं आणि मध : दोन गैरसमज

२२ कॅरेट सोन्यात ९१.६ टक्के सोने असते, बाकी तांबे-चांदी. त्याचे विशिष्ट गुरुत्व १७.७ च्या आसपास येते. १८ कॅरेटचे १५.४ च्या आसपास. म्हणजे पाण्यात तोलून कॅरेटचा अंदाज येतो. पण १० ग्रॅमचा दागिना अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडेसेच जास्त पाणी सारतो. एवढा फरक घरच्या काट्यावर कळत नाही, सराफी काटा लागतो. दागिना पोकळ असेल, लाख भरलेली असेल किंवा खडे असतील, तर हिशोब चुकतो. शिवाय टंगस्टन हा धातू सोन्याइतकाच, १९.३ चा आहे. त्यामुळे शेवटचा भरवसा हॉलमार्कवरच ठेवावा. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

मधाबद्दल सांगतात की पाण्यात टाकल्यावर सरळ तळाला गेला तर तो शुद्ध. हे खरे नाही. साखरेचा किंवा गुळाचा घट्ट पाकही पाण्यापेक्षा बराच जड असतो आणि तोही तळालाच जातो. घनतेचा उपयोग दुसरीकडे आहे. १ लिटरची बाटली मधाने भरली तर मध १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. रानातला मध विकणाऱ्याने लिटरचा भाव आणि किलोचा भाव एकच धरला, तर दर बाटलीमागे त्याचे ४०० ग्रॅम जातात.

विहीर, खाण आणि सिलिंडर : इथे चूक परवडत नाही

वायूंनाही घनता असते. त्यांची तुलना हवेशी करतात. हवा १ धरली तर :

- मिथेन : ०.५५
- कार्बन मोनॉक्साइड : ०.९७
- हायड्रोजन सल्फाइड : १.१९
- कार्बन डायऑक्साइड : १.५३
- स्वयंपाकाचा गॅस : दीड ते दोन पट

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड आहे. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत पालापाचोळा सडतो, हा वायू तयार होतो आणि तळाशी साचून राहतो. वारा तिथवर पोहोचत नाही. त्याला रंग नसतो, वास नसतो. मोटार काढायला उतरलेला माणूस खाली पोहोचता-पोहोचता बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच विहिरीत दोन-तीन जीव जातात ते असे. सेप्टिक टँक आणि गोबर गॅसच्या टाकीतही हाच धोका असतो.

कंदील सोडून पाहायची जुनी रीत आहे. कंदील विझला तर उतरायचे नाही, हे बरोबर. पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर सुरक्षित, असे मुळीच नाही. विषारी वायू थोड्या प्रमाणातही मारतो आणि त्याने ज्योत विझत नाही. जिथे मिथेन असू शकतो त्या टाकीत पेटता कंदील सोडला तर स्फोट होऊ शकतो. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून चालवणेही घातक आहे. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतक्याच वजनाचा असल्याने सगळीकडे मिसळतो. इंग्लंडच्या कोळसा खाणींत तो ओळखण्यासाठी पिंजऱ्यातली कॅनरी चिमणी नेत. माणसाच्या आधी ती कोसळायची.

खाणीत मिथेनचे वागणे विहिरीतल्या वायूच्या उलट असते. तो हलका असल्याने छताला जमतो. म्हणून भूमिगत खाणीत मिथेन छताजवळ तपासतात. घरात स्वयंपाकाचा गॅस गळला तर तो जड असल्याने जमिनीवर पसरतो. उभ्या माणसाला वास कमी येतो, पण पायाशी गॅस साचलेला असतो. अशा वेळी लाईटचे बटण चालू किंवा बंद करू नका. दारे उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि गॅस खालच्या बाजूने बाहेर जाऊ द्या.

बंद पडलेल्या खुल्या खाणींच्या पाण्याबाबतही एवढे ध्यानात असू द्या. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते. छातीत हवा असेपर्यंत शरीर जेमतेम तरंगते, घाबरून श्वास सुटला की बुडते. डोके पाण्यावर राहायला थोडासाच आधार लागतो. झाकण घट्ट लावलेली ५ लिटरची रिकामी कॅन जवळपास ५ किलोचा आधार देते. कुणी बुडत असेल तर पाण्यात उडी घेण्याआधी दोर बांधलेली कॅन फेका.

थोडक्यात लक्षात ठेवा

- घनता म्हणजे ठराविक जागेत मावणारे वजन. विशिष्ट गुरुत्व म्हणजे पाण्याच्या किती पट.
- कोळसा जास्त जड म्हणजे राख जास्त.
- ओलसर रेती फुगते. ब्रासने घेताना डब्याची चाचणी करा.
- धानाचे बियाणे : १० लिटर पाणी, ३०० ग्रॅम मीठ, नंतर साध्या पाण्याने धुणे.
- दुधाला लॅक्टोमीटर आणि फॅट दोन्ही हवेत.
- पंपावर घनता मागा, पण १५ अंशाचा आकडा पाहा.
- बंद विहिरीत कुणी बेशुद्ध पडले तर मागोमाग उतरू नका. ११२ वर फोन करा, आणि मदत येईपर्यंत वरून हवा खेळती ठेवण्याचा प्रयत्न करा.